सर्वशक्तिमानाला मनुष्यबळ कशाला लागतं?

माणूस कशासाठी निर्माण झाला, याचं मला माहीत असलेलं सगळ्यात प्रामाणिक उत्तर एका संपाच्या गोष्टीत आहे. संप देवांनी केला होता.

मेसोपोटेमियात इ.स.पू. १७व्या शतकात मातीच्या पाट्यांवर उतरवलेलं अत्राहासिसचं आख्यान सुरू होतं ते माणूस नसलेल्या जगात. थोरले देव आरामात आहेत आणि इगिगी नावाचे धाकटे देव कालवे खोदतायत, गाळ उपसतायत, दिवसरात्र राबतायत. एक दिवस त्यांचा संयम सुटतो. ते अवजारं पेटवून देतात आणि रात्रीच्या रात्री एन्लिल या बड्या देवाच्या घराला वेढा घालतात. एन्लिलची पाचावर धारण बसते. वाटाघाटी होतात. शेवटी एन्की नावाचा चतुर देव तोडगा सुचवतो: एका देवाचा बळी द्यायचा, त्याचं रक्तमांस मातीत कालवायचं, त्यातून एक नवा प्राणी घडवायचा आणि कालव्यांचं ओझं त्याच्या खांद्यावर टाकायचं. आपला जन्म असा. बदली कामगार म्हणून.

पुढे हे कामगार इतके वाढतात की त्यांच्या गोंगाटाने एन्लिलची झोपमोड होते. तो आधी रोगराई पाठवतो, मग दुष्काळ, आणि तेवढ्याने भागत नाही म्हणून महापूर. पुरात एक कुटुंब नौकेत बसून वाचतं. मात्र पाणी ओसरेपर्यंत देवांच्या पोटात कावळे ओरडू लागलेले असतात, कारण खाऊ घालणारे सगळे त्यांनीच बुडवलेले. वाचलेला अत्राहासिस नैवेद्य ठेवतो तेव्हा त्या वासाने देव माश्यांसारखे घोंगावत येतात. हे शब्द माझे नाहीत, आख्यानातलीच उपमा आहे. देवांविषयी इतकं रोखठोक लिहिणाऱ्या त्या माणसांचं मला फार कौतुक वाटतं.

या गोष्टीत कुठेही गूढ नाही. देव थकतात, त्यांना भूक लागते, त्यांना नोकर हवेत, म्हणून आपण आहोत. मालक कोण, नोकर कोण, काम काय, सगळं स्वच्छ. इ.स.पू. ४१४ मध्ये अथेन्सच्या रंगभूमीवर आलेल्या एका विनोदी नाटकातही हाच हिशेब दिसतो. पक्षी हवेत नगर बांधतात, यज्ञाचा धूर वर जाऊ देत नाहीत, आणि उपाशी देवांना तह करायला वकील पाठवावे लागतात. प्रेक्षक हसले असतील, पण विनोद कळला तो देवांना आपली गरज असते हे आधीच ठाऊक होतं म्हणून.

मग देव मोठा होत गेला. एकटा, सर्वज्ञ, सर्वव्यापी, कशाचीही उणीव नसलेला. त्याने स्वतःच ते सांगून टाकलं. बायबलमधल्या ५०व्या स्तोत्रात तो बजावतो की मला भूक लागली तरी मी तुम्हाला सांगणार नाही, सगळं जग माझंच आहे. कुराणाच्या ५१व्या अध्यायात, माणसं आणि जिन्न आपल्या उपासनेसाठी निर्माण केले असं सांगून लगेच पुढच्या आयतीत खुलासा येतो की मला त्यांच्याकडून अन्न नको, कसली पोटगी नको. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतो की तिन्ही लोकांत मला करायचं असं काही उरलेलं नाही, मिळवायचं असं काही राहिलेलं नाही.

म्हणजे गरज अधिकृतपणे संपली. नोकरी मात्र चालूच राहिली. सेवक, दास, बंदे, पाईक, सैनिक, दूत: यादी लांबतच गेली. ज्या पदाचं कारणच उरलं नाही ते पद हजारो वर्षं भरलं जातंय, आणि त्यासाठी उमेदवारांची रांगही लागलेली आहे. मला राहून राहून ज्याचं नवल वाटतं ते हे.

हा प्रश्न माझ्या आधी, आणि माझ्यापेक्षा कितीतरी सफाईने, सॉक्रेटिसने विचारला होता. इ.स.पू. ३९९ मध्ये त्याच्यावर अधर्माचा खटला भरला गेला, तेव्हा न्यायाधिकाऱ्याच्या कचेरीबाहेर त्याला युथिफ्रो भेटतो. प्लेटोने हा संवाद लिहून ठेवलाय. युथिफ्रो आपल्या सख्ख्या बापावर मनुष्यवधाचा खटला भरायला आलेला आहे, आणि धर्म म्हणजे काय हे आपल्याला नेमकं कळतं अशी त्याची खात्री आहे. बोलता बोलता तो म्हणतो, धर्म म्हणजे देवांची सेवा, दास मालकाची करतो तशी. सॉक्रेटिस बिचाऱ्यासारखा चेहरा करून विचारतो: वैद्याच्या हाताखालचा माणूस वैद्याला मदत करतो, त्यातून आरोग्य निपजतं. जहाज बांधणाऱ्याच्या मदतनिसाच्या कामातून जहाज उभं राहतं. मग आपल्याला हाताशी धरून देव जे काही घडवतात, ते कोणतं? युथिफ्रो म्हणतो, बऱ्याच चांगल्या गोष्टी. कोणत्या? तो विषय बदलतो. पुन्हा कोपऱ्यात सापडतो. शेवटी त्याला अचानक कुठेतरी जायची घाई होते.

मला तो नेहमी ओळखीचा वाटतो. हा प्रश्न मी ज्यांना ज्यांना विचारला, त्यांतल्या बऱ्याच जणांना त्याच सुमारास काहीतरी काम आठवलं. गंमत अशी की पुढे न्यायालयात उभा राहिल्यावर सॉक्रेटिस स्वतःही म्हणतो की मी लोकांना प्रश्न विचारत हिंडतो ती देवाची सेवाच आहे. त्याच्या सेवेतून काय निपजलं हे तरी दाखवता येतं: सतावलेले नागरिक आणि विषाचा पेला.

घाई न करता उत्तर देणारी एक व्यक्ती मला माहीत होती, माझी आत्या. ती म्हणायची, "देवाला काय कमी आहे गं? सेवा आपल्यासाठी असते. आपलं मन वाकायला शिकतं." हे उत्तर बहुतेक सगळ्या धर्मांतल्या समंजस माणसांनी आपापल्या भाषेत दिलेलं आहे, आणि मला ते अर्धं पटतं. वजन उचलल्याने वजनाला काही मिळत नाही, दंड भरतात ते उचलणाऱ्याचे. पण मग उरलेलं अर्धं अडतं. व्यायाम चुकवला म्हणून वजन रागावत नाही. ज्या देवाला सेवेची गरज नाही असं आपण म्हणतो, तोच सेवा चुकली की कोपतो, शासन करतो, पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवतो, असंही आपणच सांगतो. दोन्हीपैकी एक काहीतरी खरं असावं. आत्याचा देव रागवायचा नाही, हे तिच्या बाजूने नोंदवते. तो तिच्यासारखाच होता.

दुसरं उत्तर जास्त धीट आहे. वेदान्ताच्या ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात पूर्वपक्ष, म्हणजे विरुद्ध बाजूने बोलणारा, अगदी हीच शंका काढतो: ज्याला कशाची गरज नाही तो सृष्टी निर्माणच का करेल, कारण हेतूशिवाय कुणी काही करत नाही. त्याला दिलेलं उत्तर तीन शब्दांचं आहे: लोकवत्तु लीलाकैवल्यम्. शंकराचार्य भाष्यात समजावतात की सगळं मिळालेला राजा जसा निव्वळ खेळ म्हणून खेळतो, किंवा श्वास जसा हेतूवाचून चालतो, तशी ही निर्मिती. या उत्तराचा मला आदर आहे, कारण ते गरजेचं सोंग करत नाही. पण त्यातून सेवकाचं पद टिकत नाही. खेळात खेळगडी असतात, प्यादी असतात. नोकर खेळाला लागत नाहीत. आणि जो प्यादं आहे त्याला लागलेला मार खेळातला नसतो. सूत्रकारांना हे ठाऊक होतं, म्हणून पुढच्याच सूत्रात देवावरचा पक्षपाताचा आणि निर्दयपणाचा आरोप त्यांना खोडावा लागतो.

या सगळ्या चर्चेपेक्षा मला एका युद्धकथेने जास्त छळलंय. बायबलमधल्या शास्त्यांच्या पुस्तकात गिदोनची गोष्ट येते. शत्रू समोर आहे आणि गिदोनच्या मागे ३२,००० माणसं आहेत. देव म्हणतो, ही फार झाली, जिंकलात तर स्वतःच्या बळावर जिंकलो अशी बढाई माराल. भित्र्यांना घरी पाठव. २२,००० जातात. उरलेले १०,००० सुद्धा देवाला जास्तच वाटतात. मग पाणी पिण्याच्या पद्धतीवरून निवड होते आणि ३०० उरतात. तेवढ्यांच्या हातून विजय मिळतो.

विजयाचं श्रेय देवाचं हे दाखवण्यासाठी माणसं कमी करायची, हे कळतं. पण मग तीनशेवर का थांबायचं? शून्यावर का नाही यायचं? तीनशे माणसं ठेवण्यात लढाईच्या दृष्टीने काही नाही, ती तर देवच जिंकणार आहे. पण शून्य माणसांनी जिंकलेल्या लढाईची गोष्ट सांगायला कोण उरणार? मला वाटतं ते तीनशे सैनिक म्हणून ठेवलेले नाहीत, साक्षीदार म्हणून आहेत. सर्वशक्तिमानाला सगळं एकट्याने जमतं, पण कुणीतरी पाहिलं हे एकट्याने जमत नाही. तुकोबा पांडुरंगाला हेच तोंडावर सुनावतात, की आम्ही आहोत म्हणून तुला देवपण आहे, आम्ही नसतो तर तुला विचारलं कुणी असतं? भक्ताला हे म्हणता येतं. ब्रह्मसूत्रांवर भाष्य लिहिताना कदाचित नाही.

गीतेच्या अकराव्या अध्यायात हाच पेच उलट्या बाजूने दिसतो. विश्वरूप दाखवून झाल्यावर अर्जुनाला सांगितलं जातं की समोरचे हे योद्धे मी आधीच मारलेले आहेत, तू फक्त निमित्त हो. मग अर्जुनाचं काम काय? श्लोकातच उत्तर आहे: ऊठ, यश मिळव, राज्य भोग. म्हणजे अर्जुनाच्या हातांची देवाला गरज नाही, अर्जुनालाच ती लढाई पार करायची आहे. इथपर्यंत मी जाऊ शकते. पण या श्लोकाच्या आडोशाला नंतर किती जण येऊन उभे राहिले! एखादं चांगलं काम करून 'मी निमित्तमात्र' म्हणणारा नम्र वाटतो. वाईट काम करून तेच म्हणणारा फार सुरक्षित असतो, कारण त्याचा निर्णय त्याचा राहिलेला नसतो. १०९५ साली क्लेरमाँच्या सभेत पोप दुसऱ्या अर्बनने धर्मयुद्धाची हाक दिली, तेव्हा 'देवाची इच्छा!' असा गजर झाल्याचं इतिवृत्तकार सांगतात. पुढे १०९९ मध्ये जेरुसलेम जिंकल्यावर जी कत्तल झाली ती कुणाच्या इच्छेने झाली हे विचारायला जागाच उरली नव्हती.

इथे मला खरं तर कामाची वाटणी खटकते. कोणती कामं देवाकडे सोपवायची आणि कोणती आपण घ्यायची, हे ठरवताना आपण नेमकं उलटं करतो. देवाच्या मानाचं रक्षण, पाप्यांना शासन, अविश्वासूंचा बंदोबस्त ही कामं सर्वशक्तिमानाला चुटकीसरशी जमावीत. त्यासाठी त्याच्याकडे वीज आहे, पूर आहे, नरक आहे, सगळी यंत्रणा आहे. पण तिथे माणसं हिरिरीने धावून जातात. उलट शेजारचं आजारी मूल, उपाशी म्हातारा, जिथे माणसाचा हात सहज पोचतो आणि देवाचा पोचल्याचं दिसत नाही, तिथे आपण सुस्कारा टाकून म्हणतो, त्याची मर्जी. ज्या नोकराला साहेबाच्या खुर्चीत बसायचंय आणि स्वतःच्या टेबलावरची फाइल उघडायची नाही, त्याला साध्या कचेरीतही कुणी ठेवणार नाही.

जुन्या लोकांना हे दिसलं नव्हतं असं नाही. त्याच गिदोनच्या कथेत, लढाईच्या आधी, तो बाल नावाच्या देवाची वेदी मोडतो. रात्री, कारण दिवसा भीती वाटते. सकाळी गावकरी त्याच्या जिवावर उठतात. तेव्हा त्याचा बाप योआश दारात उभा राहून म्हणतो, तुम्ही कशाला बालची बाजू लढवताय? तो देव असेल तर त्याचं तो पाहून घेईल, वेदी त्याचीच मोडली आहे. किती साधं वाक्य. ते दुधारी आहे हे मात्र कथा लिहिणाऱ्याच्या ध्यानात आलं का कोण जाणे. वेदी मोडायची आज्ञाही देवानेच दिलेली होती आणि त्यालाही रात्रीच्या अंधारात एक घाबरट माणूसच पाठवावा लागला होता.

रोमन सम्राट टायबेरियसबद्दल मला फारसं प्रेम नाही, कुणालाच नसावं. पण इ.स. १५ मध्ये त्याच्यापुढे एक तक्रार आली, की दिवंगत आणि आता देव झालेल्या ऑगस्टसच्या नावाने एकाने खोटी शपथ घेतली. टायबेरियसने कळवलं की देवांवरच्या अन्यायाचं देव बघून घेतील. इतिहासकार टॅसिटसने हे नोंदवून ठेवलंय. एका संशयी, कठोर सम्राटाला जे सुचलं ते पुढच्या वीस शतकांत भल्याभल्यांना सुचलेलं नाही.

भारतीय कायद्याने तर या प्रश्नाला वेगळंच वळण दिलंय. कायद्याच्या नजरेत देवता ही मालमत्ता बाळगू शकणारी, दावा लावू शकणारी व्यक्ती असते. पण ती स्वतः बोलू शकत नाही, म्हणून तिच्या हिताची काळजी घ्यायची म्हणून तिला बऱ्याचदा अज्ञान बालकासारखं वागवलं जातं. तिचा कारभार सेवाईत, म्हणजे देवस्थानाचा व्यवस्थापक, पाहतो, आणि सेवाईतच मालमत्तेवर डोळा ठेवून बसला तर देवतेचा हितचिंतक म्हणून दुसरा कुणी न्यायालयात उभा राहू शकतो. काहींना यात अपमान वाटतो. मला हा फार शहाणपणाचा विचार वाटतो. देवाच्या वतीने बोलणारा माणूस आणि देव यांचं हित एकच असेल असं कायदा गृहीत धरत नाही. देवाला सेवकांपासून संरक्षण लागू शकतं हे त्याने मान्य केलंय. धर्मशास्त्रांनी हे इतक्या उघडपणे क्वचितच म्हटलं असेल.

देव मालक आणि आपण नोकर, हे चित्र काढलं कुणी? मला वाटतं, ज्यांच्या घरी नोकर होते त्यांनी. राजांच्या देवाला दरबार असतो, सेनापतींच्या देवाला सैन्य असतं. जनाबाई नामदेवांच्या घरची दासी. नोकरपण तिला उपमा म्हणून नव्हे, रोजच्या दळणकांडणात माहीत होतं. तिचा विठ्ठल काय करतो? तो जात्याला हात लावतो, शेण वेचू लागतो, तिच्या डोक्यातल्या उवाही काढतो. आयुष्यभर दुसऱ्याच्या घरी राबलेल्या बाईला देव सुचला तो सेवा मागणारा सुचला नाही, सोबत राबणारा सुचला. एकनाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन बारा वर्षं पाणी भरणारा देवही याच जातीचा. इगिगींच्या संपापासून निघालेली गोष्ट इथे पार उलटी होते. तिथे देवांनी कावड टाकून दिली होती, इथे देव ती उचलतो.

अर्थात याने माझा प्रश्न सुटत नाही. जनाबाईचा देव दळू लागतो, पण तिला दासीपणातून सोडवत नाही, आणि सर्वशक्तिमान असेल तर त्याला तेही जमायला हवं होतं. दळण्यात मदत करणारा देव प्रेमळ आहे. सर्वशक्तिमान आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही.

काही जणांनी सरळ या दुसऱ्या शब्दालाच हात घातला. नाझींच्या ऑशविट्झ छळछावणीत आई गमावलेला तत्त्वज्ञ हान्स योनास म्हणाला की त्यानंतर देवाला सर्वशक्तिमान म्हणणं आपल्याला सोडावं लागेल. त्याच्या कितीतरी आधी, १२ जुलै १९४२ रोजी, अ‍ॅमस्टरडॅममध्ये एटी हिलेसम नावाच्या ज्यू तरुणीने डायरीत एक प्रार्थना लिहिली. तिचा आशय असा, की देवा, तू आम्हाला मदत करू शकत नाहीस हे मला दिवसेंदिवस स्पष्ट होत चाललंय. आम्हालाच तुला मदत करावी लागेल, आमच्या आतला तुझा तुकडा जपावा लागेल. मी तुझ्याकडे खुलासाही मागत नाही, असं ती म्हणते. पुढे ती वेस्टरबोर्कच्या छावणीत आपणहून लोकांची देखभाल करायला गेली. ३० नोव्हेंबर १९४३ ला, एकोणतिसाव्या वर्षी, ऑशविट्झमध्ये तिचा मृत्यू झाला.

सगळ्या उत्तरांत मला हे एकच उत्तर असं दिसतं की ज्यात माणसाच्या सेवेला खरंच काम आहे. देव अडलेला आहे, म्हणून आपली गरज आहे. आपण पुन्हा कालवे खोदणाऱ्या देवांच्या त्या पाट्यांपाशी येतो, पण आता देवाची भूक नैवेद्याची नाही. त्यासाठी मोजावी लागणारी किंमत मोठी आहे: सर्वशक्तिमान हे विशेषण. बहुतेक भाविक ती द्यायला तयार होणार नाहीत, आणि मी त्यांना दोष देत नाही. रात्री तीन वाजता मुलाचा ताप उतरत नसताना कुणी दुबळ्या देवाची प्रार्थना करत नाही.

माझी एक मैत्रीण सुट्टीच्या दिवशी रुग्णालयात जाते. ज्यांचं कुणी नाही अशा रुग्णांना भरवते, अंग पुसून देते, कागद भरून देते. ती याला देवाचं काम म्हणते. मी तिला वरचं सगळं ऐकवलं, संपापासून हिलेसमपर्यंत. तिने निवांत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अगं, त्या माणसाच्या तोंडात घास जातोय ना? मी कुणाची नोकर आहे याने त्याला काय फरक पडतो?"

आज पडत नाही, मी म्हटलं. पण उद्या देवाचं नाव घेऊन तुला कुणी सांगितलं की या खाटेवरच्या माणसाला भरवू नकोस, तो आपल्यातला नाही, तर? तेव्हा तू कुणाची नोकर?

"माझा देव असं सांगणारच नाही," ती म्हणाली, क्षणाचाही विचार न करता.

म्हणजे त्याने काय सांगायचं आणि काय नाही हे तिने आधीच ठरवून टाकलंय. नोकरीच्या अटी नोकराने घातल्यात आणि मालकाने त्या मुकाट मान्य केल्यात. हे मी तिला बोलून दाखवलं तेव्हा ती जरा रागावली, म्हणाली की तुला प्रत्येक गोष्टीत कोण वरचढ हेच दिसतं. असेल तसं. पण असा देव मला चालेल, आणि तिच्या जागी युथिफ्रो असता तर त्याला एव्हाना काम आठवलं असतं.